मागच्या रांगेतली बडबड: पहिलं वाक्य लवकर बोला, हळू बोला

एका प्रेक्षकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: चित्रपट सुरू झाल्यापासून मागच्या रांगेतले दोघे बोलत होते. यांनी दोनदा मान वळवून पाहिलं, तीन-चारदा ‘श्श’ केलं, आणि पाऊण तासाने उभं राहून ओरडले. बाचाबाची झाली, आजूबाजूचे लोक उलट यांच्यावरच चिडले, आणि उरलेला चित्रपट डोळ्यांसमोरून नुसता सरकत गेला. माझं काय चुकलं आणि पुढच्या वेळी काय करू, असं ते विचारतात. शेवटी एक ओळ जोडली आहे: बायको आता माझ्याबरोबर थिएटरात यायला नको म्हणते.

मी २४ वर्षं थिएटरांत काम करतोय. सुरुवातीची काही वर्षं बॅटरी घेऊन लोकांना जागा दाखवल्या, मग डोअरकीपरांवर देखरेख केली, आता खेळांचं सगळं व्यवस्थापन बघतो आणि कामावर येणाऱ्या नव्या मुलामुलींना अंधारात माणसांशी कसं बोलायचं ते शिकवतो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची तक्रार अगदी रास्त होती. चूक झाली ती वेळेची. पाऊण तास तुमचा राग साठत गेला, आणि त्याच पाऊण तासात आपलं बोलणं पुढच्या माणसाला शब्दन् शब्द ऐकू जातंय हे त्या दोघांना कुणी सांगितलंच नाही. तुमच्या मते तुम्ही पाच-सहा वेळा सूचना दिली होती. त्यांच्या मते एक अनोळखी माणूस अचानक उठून अंगावर ओरडला.

‘त्यांना कळत नव्हतं’ यावर तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून आधी आवाजाचं बोलू. थिएटरातला आवाज मोठा असतो. पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरची पातळी चाचणीच्या आवाजावर ८५ डेसिबलला लावायची, असं या धंद्यातलं प्रमाण आहे. प्रत्यक्ष खेळ बरेचदा त्याहून थोडा खाली चालवतात, पण दणदणीत प्रसंगात शेजाऱ्याशी बोलायचं तर आवाज चढवावाच लागतो. तो आपण ठरवून चढवत नाही, आपोआप चढतो. एतिएन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली हे मांडलं: भोवतीचा गोंगाट वाढला की माणसाचा आवाज त्याच्या नकळत वाढतो. आता थिएटरात काय होतं बघा. पाठलाग चालू असतो, तेवढ्यात मागचा माणूस काहीतरी बोलायला लागतो, त्याचा आवाज त्या गदारोळाच्या मापाने चढलेला असतो, आणि वाक्याच्या मधोमध पडद्यावर एकदम शांतता पसरते. त्याचं उरलेलं अर्धं वाक्य अख्ख्या हॉलला ऐकू जातं. त्याला स्वतःला मात्र आपण हळूच बोललो असंच वाटत असतं.

दुसरी गोष्ट खुर्च्यांच्या मांडणीची. माणसाचा आवाज तोंडासमोर सर्वांत जास्त जातो, पाठीमागे बराच कमी. विशेषतः ‘स’, ‘श’, ‘च’ असली धारदार अक्षरं समोरच्यालाच टोचतात. उतरत्या रांगांच्या हॉलमध्ये मागच्या माणसाचं तोंड तुमच्या डोक्याच्या जरा वर आणि तुमच्याकडे रोखलेलं असतं, कानापासून जेमतेम एका मीटरवर. त्यातून भिंतींना आणि जमिनीला आवाज शोषून घेणारं अस्तर असतं. पडद्यावरचा संवाद घुमू नये म्हणून ते लावतात, पण त्यामुळे शेजाऱ्याची खुसपुससुद्धा घुमून विरत नाही, तशीच स्वच्छ पोचते. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत मागच्या रांगेबद्दलच्या सर्वांत जास्त. पुढच्या रांगेतले बोलतात तेव्हा त्रास डोळ्यांना होतो: डोकी एकमेकांकडे झुकतात, मधूनच फोन उजळतो.

कुजबुजीबद्दलही एक गैरसमज आहे. दबक्या आवाजात बोलणं आणि कुजबुजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुजबुजताना स्वरतंतू थरथरत नाहीत, नुसती हवा सोडली जाते, आणि त्या हवेत सगळा भर फुसफुशीवर असतो. शांत प्रसंगात ती फुसफुस दोन रांगा सहज ओलांडते. बोलणं अगदीच अटळ असेल तर शेजाऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन, खालच्या पट्टीत, दोन-तीन शब्द बोलावेत. मी कामावरच्या नव्या मुलामुलींना हेच शिकवतो.

आणि शब्द कानावर पडले की मेंदू ते सोडत नाही. पंख्याची घरघर पाच मिनिटांत विसरली जाते, पण कळणाऱ्या भाषेतलं वाक्य विसरता येत नाही, त्याचा अर्थ आपोआप लागत जातो. २०१० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. दोन माणसांचं पूर्ण संभाषण कानावर पडण्यापेक्षा फोनवरच्या एकाच बाजूचं, म्हणजे अर्धं संभाषण कानावर पडलं तर हातातल्या कामावरचं लक्ष जास्त उडतं, असं त्यात दिसलं. पलीकडचा काय म्हणत असेल हे मन भरून काढायला जातं. म्हणून थिएटरात कुणी फोन घेतला की आपल्याला दुप्पट संताप येतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण तक्रार करणाऱ्या बऱ्याच लोकांना स्वतःचीच शंका येते: आपणच जास्त नाजूक आहोत का? नाही. लक्ष विचलित होणं हा तुमचा दोष नाही.

आता पहिलं वाक्य. ते कधी बोलायचं? जाहिराती आणि ट्रेलर चालू असताना कुणालाही काही म्हणू नका, तो वेळ स्थिरस्थावर व्हायचा असतो. चित्रपट सुरू झाला की पहिली पाच-सात मिनिटं द्या, बहुतेक लोक आपसूक गप्प होतात. एखादा उद्गार, एखादं वाक्य सोडून द्या. पण सलग देवाणघेवाण सुरू झाली, एकाने विचारलं, दुसऱ्याने सांगितलं, पहिल्याने त्यावर आणखी काही म्हटलं, की समजा हे आता थांबणार नाही. तेव्हाच बोला, पंधरा-वीस मिनिटांच्या आत. तोवर तुम्ही चिडलेले नसता, आणि सगळं काम त्यावर अवलंबून असतं. आवाजात राग आला की शब्द कितीही सभ्य असोत, समोरचा रागालाच उत्तर देतो.

पडद्यावर थोडा गोंगाट असेल किंवा प्रसंग बदलत असेल तो क्षण पकडा. शांत प्रसंगात वळलात तर सगळे तुमच्याकडे बघतात, समोरच्याला चारचौघांत पकडल्यासारखं होतं, आणि मग त्याला स्वतःची बाजू राखणं भाग पडतं. अर्धवट मान वळवून रोखून बघण्यात काही अर्थ नाही. अंधारात तुमचा चेहरा दिसत नाही. पूर्ण वळा, थोडे मागे झुका, आणि त्यांच्यापेक्षा हळू आवाजात म्हणा:

“माफ करा, तुमचं बोलणं मला इथे सगळं ऐकू येतंय.”

बस्. पुढे एक ‘थँक यू’ म्हणा आणि लगेच पडद्याकडे वळा. उत्तराची वाट बघू नका. हे वळणं वाक्याइतकंच महत्त्वाचं आहे. तुम्ही बघत राहिलात तर त्यांना काहीतरी बोलावं लागतं, आणि शरमलेला माणूस तेव्हा जे बोलतो ते सहसा चांगलं नसतं. तुम्ही वळलात की त्यांना कुणी बघत नसताना गप्प होता येतं.

या वाक्यात ‘गप्प बसा’ नाही, हे लक्षात आलं असेल. मी आधी वेगवेगळी वाक्यं वापरून पाहिली आहेत. ‘जरा शांत बसता का’ यात हुकूम ऐकू येतो. ‘तुम्हाला कळत नाही का’ यात अपमान आहे. ‘आम्ही पैसे भरलेत’ हे तर कधीच म्हणू नका, कारण ‘आम्हीही भरलेत’ हे उत्तर तयार असतं आणि ते खरंही असतं. ‘घरी बसून बघा’ म्हणजे उघड भांडणाचं आमंत्रण. ‘मला ऐकू येतंय’ ही नुसती माहिती आहे, तिच्याशी वाद घालता येत नाही. आपण बोलत होतो ते चार लोकांनी ऐकलं, हे कळल्यावर बहुतेक माणसं आपणहून ओशाळतात, मग ते बोलणं कुणाच्या घरातलं असो की कुणाच्या नोकरीतलं.

‘श्श’ मला आवडत नाही. तो नेमका कुणाला आहे हे कळत नाही. ज्याला असतो त्याला आपल्यासाठी नाही असं वाटतं, आणि पलीकडची, एकदाच खोकलेली एक बिचारी बाई दचकते. लहान मुलाला गप्प करायचा तो आवाज आहे आणि मोठ्या माणसाला त्यात तोच सूर ऐकू येतो. शिवाय एकाने केला की चार ठिकाणांहून होतो आणि मूळ बडबडीपेक्षा त्याचाच त्रास वाढतो.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे मी हे काम शिकलो. एक माणूस बायको-मुलासह आला होता आणि मोठमोठ्याने बोलत होता. दोन-तीन तक्रारी आल्यावर मी रांगेच्या टोकाशी गेलो, बॅटरीचा झोत सरळ त्याच्या तोंडावर मारला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “बोलायचं असेल तर बाहेर जा.” हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मला फार बरं वाटलं. दहा मिनिटांत तो पुन्हा बोलायला लागला, आधीपेक्षा मोठ्याने, आता मुद्दाम. शेवटी त्याला बाहेर काढावं लागलं, दारात झटापट झाली, आणि त्याचा सात-आठ वर्षांचा मुलगा जिन्यावर उभा राहून रडत होता. माझ्या वरिष्ठांनी त्या रात्री मला एकच विचारलं, “बॅटरी त्याच्या तोंडावर मारली नसतीस तर?” त्यानंतर आजपर्यंत मी कुणाच्या चेहऱ्यावर उजेड टाकलेला नाही. बॅटरी स्वतःच्या बुटांवर धरायची, रांगेच्या कडेला गुडघ्यावर बसायचं म्हणजे चेहरा त्यांच्या चेहऱ्याच्या पातळीला येतो, आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल असं बोलायचं. चारचौघांसमोर हरलेला माणूस गप्प बसत नाही, हे मी तेव्हा शिकलो, आणि ते प्रेक्षकाच्या खुर्चीवरूनही तितकंच खरं आहे.

सगळे बोलणारे एकसारखे नसतात, त्यामुळे पहिल्या वाक्याचा सूर थोडा बदलावा लागतो.

तरुणांचा घोळका असेल तर सगळ्यांना मिळून काही म्हणू नका. एकत्र ते एकमेकांसाठी बोलत असतात, आणि तुम्ही त्यांना आणखी एक विषय पुरवता. सर्वांत जास्त बोलणाऱ्याशीही बोलू नका, माघार घेणं त्यालाच सर्वांत जड जातं. पाच जणांत एकजण तरी आधीच अवघडलेला असतो. तो पडद्याकडे बघत असतो, हसतो पण उशिरा हसतो. त्याला सांगा. बाकीच्यांना गप्प करणं त्याला जमतं, आपल्याला जमत नाही.

लहान मूल बोलत असेल तर मुलाला कधीही काही म्हणू नका. मूल आईबापांचं असतं आणि ते त्याच्या बाजूने उभे राहणारच. आईबापांनाही दटावणीचा सूर नको, ते आधीच घामाघूम झालेले असतात. मुलांच्या चित्रपटात मुलं बोलणारच, तिथे ही अपेक्षाच ठेवू नये. मोठ्यांच्या गंभीर चित्रपटाला रात्रीच्या खेळाला दोन वर्षांचं मूल आणलं असेल तर तो विषय आमचा आहे. आम्हाला सांगा.

वयस्कर माणसांच्या बाबतीत मात्र थांबून विचार करा. ‘काय म्हणाला तो?’ असं दर मिनिटाला कुणी विचारत असेल आणि शेजारचं माणूस प्रत्येक संवाद पुन्हा सांगत असेल, तर बहुधा ऐकण्याची अडचण असते. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय याचाही अंदाज येत नाही. आमच्याकडे एक आजोबा मुलीबरोबर नेमाने यायचे. तीन वेळा त्यांच्याबद्दल तक्रार आली. चौथ्या वेळी मी खेळाच्या आधीच त्यांच्याशी बोललो. कमी ऐकणाऱ्यांसाठी थिएटरात हेडफोन असतात, संवाद थेट कानात येतो, हे दोघांनाही माहीत नव्हतं. ते लावून दिले, मागच्या कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या दिल्या, आणि पुन्हा तक्रार आली नाही. प्रत्येक थिएटरात ही सोय असतेच असं नाही, पण तिकीट घेताना विचारावं. तुमच्या घरात असं कुणी असेल तर सबटायटल असलेले खेळही शोधा.

काहींचं बोलणं त्यांच्या हातात नसतं. टुरेट हा मेंदूशी संबंधित विकार असलेल्या माणसाच्या तोंडून आवाज, कधीकधी शब्दही, त्याच्या इच्छेविरुद्ध निघतात. ऑटिझम असलेली मुलं किंवा मोठी माणसं आवाज करतात, हालतात. अशांसाठी काही थिएटरं वेगळे खेळ ठेवतात, दिवे पूर्ण मालवत नाहीत, आवाज कमी ठेवतात, आणि बोलायला, उठायला मोकळीक असते. अमेरिकेत एएमसी या थिएटरसाखळीने २००७ साली असे खेळ सुरू केले. पण म्हणून त्या माणसांनी फक्त त्याच खेळांना यावं असं कुणी म्हणू नये. पहिलं वाक्य मऊ ठेवायचं याचं हेही एक मोठं कारण आहे. समोर कोण बसलंय हे अंधारात आपल्याला माहीत नसतं.

आणि ज्याच्याशी मुळीच बोलू नये असा माणूस: दारू प्यायलेला, शिवीगाळ करणारा, किंवा ज्याच्या बोलण्यातून ‘कुणीतरी काही म्हणावं’ अशी वाट बघितल्यासारखं जाणवतं तो. तिथे पहिलं वाक्यही नको. गुपचूप उठा आणि आम्हाला सांगा. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात एका थिएटरात, चित्रपट सुरू व्हायच्याही आधी, फोन वापरण्यावरून दोन प्रेक्षकांत वाद झाला आणि एकाने दुसऱ्याला गोळी घातली. तो माणूस मेला. तुमच्या रांगेत असं होईल असं मी म्हणत नाही, पण अंधारात अनोळखी माणसाच्या मनात काय चाललंय हे आपल्याला दिसत नाही. म्हणून हात लावायचा नाही, खुर्चीला लाथ मारायची नाही, काही फेकायचं नाही, त्यांचं चित्रीकरण करायचं नाही, फोनचा उजेड तोंडावर मारायचा नाही.

पहिलं वाक्य बोललात आणि दहा मिनिटांत बोलणं पुन्हा सुरू झालं, तर दुसऱ्यांदा स्वतः बोलू नका. इथेच बहुतेक भांडणं होतात. पहिल्यांदा तुम्ही माहिती दिली होती, दुसऱ्यांदा तुम्ही आणि ते आमनेसामने उभे राहता. आता दोन वाटा आहेत.

एक, जागा बदला. याला पळपुटेपणा समजू नका. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. बोलणारा एका मीटरवरून चार मीटरवर गेला म्हणजे १२ डेसिबलचा फरक, आणि त्यातून तुम्ही त्याच्या तोंडासमोरून बाजूला सरकलात तर आणखी. म्हणजे सहा-सात खुर्च्या आडव्या सरकल्याने ‘सगळं ऐकू येतंय’ वरून ‘कुणीतरी बोलतंय’ इथवर येता येतं, आणि त्यात चित्रपट बघता येतो. रिकाम्या खुर्च्या असतील तर आधी हेच करा.

दोन, बाहेर या. कंटाळा करू नका. ‘तेवढी पाच मिनिटं चुकतील’ म्हणून लोक बसून राहतात आणि अख्खे दोन तास घालवतात. येताना रांगेचं अक्षर आणि खुर्चीचा अंदाजे क्रमांक लक्षात ठेवा. ‘निळा शर्ट घातलेला’ सांगून अंधारात उपयोग होत नाही. “ह रांग, मधल्या वाटेपासून तिसरी-चौथी खुर्ची, अर्धा तास सलग बोलतायत, मी एकदा सांगितलंय,” एवढं पुरतं. तुम्ही सांगितलं हे त्यांना कळू नये असं वाटत असेल तर तसं सांगा. आम्ही पाच मिनिटं थांबून दुसऱ्या दाराने येतो.

आम्ही आल्यावर लगेच काही बोलत नाही. रांगेच्या टोकाशी, बॅटरी खाली धरून, नुसते उभे राहतो. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. ते थांबले नाहीत तर गुडघ्यावर बसून एकदा सांगतो. त्यानंतरही चालूच राहिलं तर त्यांना ‘जरा बाहेर येता का, बोलायचं आहे’ म्हणतो. जे काही बोलायचं ते बाहेर, उजेडात, प्रेक्षक नसताना. बाहेर आलेला माणूस दहातल्या नऊ वेळा वेगळाच माणूस असतो. हा आकडा मोजून काढलेला नाही, पण माझा अनुभव तोच आहे. काही थिएटरं याहून कडक आहेत. अमेरिकेतली अलामो ड्राफ्टहाउस ही १९९७ साली सुरू झालेली साखळी एका ताकिदीनंतर पैसे परत न देता बाहेर काढते, आणि हे आधीच जाहीर करते. मला त्यांचं ते आधी जाहीर करणं फार पटतं. नियम पडद्यावर सांगितलेला असला की डोअरकीपरला स्वतःच्या जोरावर भांडावं लागत नाही. मूकपटांच्या काळातही, १९१० च्या सुमारास, अमेरिकेतली थिएटरं काचेच्या स्लाइडवर ‘मोठ्याने बोलू नये, शिट्ट्या मारू नयेत’ अशी सूचना पडद्यावर दाखवत आणि बायकांना टोप्या काढायची विनंती करत. तक्रार जुनीच आहे.

खेळ खरोखरच वाया गेला असेल तर चित्रपट संपायच्या आधी येऊन सांगा. अर्ध्यावर आलात तर मला काहीतरी करता येतं, जागा बदलून देता येते, दुसऱ्या खेळाला बसवता येतं. शेवटची अक्षरं पडद्यावरून गेल्यावर आलात तर मला फक्त ऐकून घेता येतं.

एका गोष्टीचा मला सतत विचार करावा लागतो, ती म्हणजे कुठला आवाज बोलणं समजायचा. १९७० साली न्यूयॉर्कच्या अँथॉलॉजी फिल्म आर्काइव्ह्जमध्ये पेटर कुबेल्का या ऑस्ट्रियन चित्रपटकर्त्याच्या कल्पनेतून एक हॉल बांधला होता, ‘अदृश्य सिनेमा’ नावाचा. सगळं काळं, आणि प्रत्येक खुर्चीला दोन्ही बाजूंनी आडोसे, म्हणजे शेजारी दिसूही नये आणि ऐकूही येऊ नये. चार वर्षांत तो बंद झाला. मला त्या कल्पनेचा मोह समजतो, पण मी तसा हॉल चालवणार नाही. शेकडो माणसं एकदम हसतात किंवा एकदम श्वास रोखतात, तेव्हा मी मागच्या दारापाशी उभा असतो, आणि हीच या कामातली मला सर्वांत प्रिय गोष्ट आहे. दचकून निघालेली किंकाळी, हुंदका, ‘अरे बापरे’, हे सगळं पडद्याला दिलेलं उत्तर आहे. त्याबद्दल तक्रार आली तर मी ती नम्रपणे ऐकतो, पण आत जात नाही. चित्रपटाशी संबंध नसलेलं बोलणं, पुढे काय होणार ते सांगणं, आणि फोन, यांसाठी मात्र मी लगेच जातो.

तुमचं स्वतःचं माणूस बोलत असेल तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण बऱ्याच जणांची अडचण तीच असते. बोलायला दोघं लागतात. तो काही विचारतो, तुम्ही हळूच सांगता, आणि मग त्याला पुढचा प्रश्न सुचतो. तुम्ही उत्तरच दिलं नाहीत, नुसता त्याच्या हातावर हात ठेवला, पडद्याकडे बघत राहिलात, तर दोन-तीन वेळांत तो थांबतो. पण हे आधी बोलून ठेवलेलं असावं, नाहीतर रुसवा होतो. आत जाण्याआधी म्हणा, “मला आत बोलायला जमत नाही, बाहेर आल्यावर तासभर बोलू.” आणि मग खरंच तासभर बोला. ज्यांना बाहेर आल्यावर कुणी ऐकून घेत नाही ती माणसं आत बोलतात, असं माझं निरीक्षण आहे.

जागा निवडण्याबद्दल थोडंसं. पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतच्या अंतराच्या दोन-तृतीयांशावर, मधोमध, आवाज सर्वांत चांगला लागतो. हॉलचा आवाज मोजताना आमचे लोक माइक तिथेच कुठेतरी लावतात. पण अगदी मधली खुर्ची घेतली की उठून बाहेर येताना आठ जणांचे गुडघे ओलांडावे लागतात, आणि म्हणून माणूस उठतच नाही. ज्याला बोलण्याचा फार त्रास होतो त्याने वाटेलगतची खुर्ची घ्यावी. आवाज किंचित एका बाजूचा लागेल, पण सुटका हाताशी राहते, आणि सुटका हाताशी आहे हे माहीत असलं की राग निम्म्याने कमी चढतो. पहिल्या दोन-तीन दिवसांचे गर्दीचे खेळ टाळलेत तर आणखी बरं.

आता तुमच्या बायकोबद्दल. त्या चित्रपटाला कंटाळल्या असतील असं मला वाटत नाही. तुम्ही दोनदा मान वळवलीत तेव्हापासून, आता हा कधी उठणार, या काळजीत त्या बसल्या असणार, आणि त्यांचाही चित्रपट तिथेच संपला. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारकर्त्यांबरोबर असं एक माणूस जवळजवळ नेहमी असतं, दोन पावलं मागे, बाही ओढत. त्यांना पुन्हा विचारताना असं ठरवून बघा: वाटेलगतच्या दोन खुर्च्या घ्यायच्या, कुणी बोललंच तर पहिलं वाक्य त्यांनी बोलायचं की तुम्ही, हे त्यांनी ठरवायचं, आणि त्यांनी तुमच्या मनगटाला हात लावला की तुम्ही मागे न वळता सरळ दाराकडे यायचं. दाराशी आमच्यापैकी कुणीतरी असतंच.